राग मनात धरून

पोलीस ठाण्यातली फिर्याद ठरलेल्या मराठीत लिहिली जाते. 'मागील भांडणाचा राग मनात धरून' हे शब्द आधी येतात, मग कोयता, लोखंडी रॉड, लाकडी दांडके यांची पाळी. दुसऱ्या दिवशी बातमी छापून येते ती 'पूर्ववैमनस्यातून' या मथळ्याची. वाचणारा मान हलवतो आणि पान उलटतो. जुने भांडण होते ना, मग कारण कळले, असे त्याला वाटते. माझा आक्षेप आहे तो नेमका या वाटण्याला.

12 मे 2023 रोजी तळेगाव दाभाडे नगरपरिषदेच्या आवारात, दिवसाढवळ्या, जनसेवा विकास समितीचे किशोर आवारे यांची हत्या झाली. गोळ्या झाडल्या, वरून कोयत्याने वार केले. पोलिसांनी तपासात पुढे आणलेले कारण म्हणजे आवारे यांनी काही महिन्यांपूर्वी चारचौघांत लगावलेली एक थप्पड. खरेखोटे न्यायालय ठरवील. पण अशा प्रत्येक खुनानंतर चहाच्या टपरीवर 'त्यानेही हात उचलला होता म्हणे' हे वाक्य हमखास ऐकू येते. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते, तरी एका थपडेला आणि एका जिवाला त्याने नकळत एकाच तराजूत घातलेले असते.

आपल्या भाषेत सूड उगवतात, उट्टे काढतात, वचपा काढतात, दावा साधतात. या सगळ्या शब्दांनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते की आधीचे काहीतरी देणे होते आणि ते आता फिटले. सूड म्हटला की मारणाऱ्याच्या पदरी एक तक्रार आपोआप पडते आणि मेलेल्याच्या माथी एक अपराध. दोन गुंडांच्या टोळ्यांपुरते हे कदाचित चालून जाईल. पण भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत काय झाले ते आठवा.

3 सप्टेंबर 2006 रोजी भोतमांगे कुटुंबाच्या जवळचे सिद्धार्थ गजभिये यांना जमावाने मारहाण केली. सुरेखा भोतमांगे आणि त्यांची मुलगी प्रियंका यांनी मारणाऱ्यांना ओळखले आणि तसे पोलिसांना सांगितले. 29 सप्टेंबरला त्या आरोपींना जामीन मिळाला आणि त्याच संध्याकाळी भोतमांग्यांच्या घरावर जमाव चालून आला. सुरेखा, प्रियंका आणि मुलगे सुधीर, रोशन असे चौघे मारले गेले. सुरेखाबाईंचे पती भैय्यालाल तेवढे वाचले, ते 2017 साली वारले. भंडाऱ्याच्या न्यायालयाने सप्टेंबर 2008 मध्ये आठ जणांना दोषी ठरवले आणि त्यांतल्या सहा जणांना फाशी सुनावली. 14 जुलै 2010 रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती 25 वर्षांच्या कारावासावर आणली. हत्या जातीच्या द्वेषातून नव्हे, साक्षीच्या रागातून, सुडापोटी झाली, असा निष्कर्ष निघाला. अॅट्रॉसिटीचा कायदा तर खालच्या न्यायालयातही लागू झाला नव्हता.

निकालाचा मान राखूनही मला हे विचारावेसे वाटते की सुरेखाबाईंनी असे काय केले होते, ज्याचा सूड घ्यावा? त्यांनी जे डोळ्यांनी पाहिले ते सांगितले. कायदा प्रत्येक नागरिकाकडून एवढीच अपेक्षा ठेवतो. शिवाय एका दलित बाईने आपली नावे घ्यावीत हे ज्या गावात इतके झोंबते, तिथे तो राग आणि जात यांची फारकत करायची कशी? बाईने पायरी सोडली, हाच तर त्या रागाचा मजकूर होता. 'सूड' हा एक शब्द मधे आला आणि मागची सगळी उतरंड झाकली गेली.

बदलापूरला हीच भाषा झळकली ती उलट्या बाजूने. ऑगस्ट 2024 मध्ये शाळेतल्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला. 20 ऑगस्टला लोकांनी तासन्‌तास रेल्वे रोखून धरली. तो संताप पूर्णपणे रास्त होता, पालकांना दाद मिळायला लागलेला वेळ लाजिरवाणा होता. 23 सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला आणि मुंबईत 'बदला पुरा' असे फलक लागले. खटला उभा राहायच्या आतच आरोपी गेला. त्या मुलींनी जे सांगितले ते त्याच्यासमोर न्यायासनाने ऐकून, तोलून, खरे म्हणून लिहून ठेवण्याची संधीही गेली. पोरींच्या वाट्याला एक फलक आला. ज्यांना त्यात न्याय दिसला त्यांच्या मनातली आग मी समजू शकतो, पण त्यांच्याशी सहमत होऊ शकत नाही.

सुडाखेरीज दुसरी वाट शोधायला फार दूर जावे लागत नाही. तळेगावहून चाकणकडे निघाले की इंदुरीच्या पुढे सुदुंबरे लागते. इथेच संताजी महाराज जगनाडे यांची समाधी आहे. संताजी चाकणचे, जातीने तेली, घाणा चालवणारे, तुकोबांच्या टाळकऱ्यांतले. तुकोबांचे अभंग उतरवून घेण्याचे काम त्यांनी केले. वि. ल. भावे यांनी 1919-20 साली तुकोबांचा 'अस्सल गाथा' म्हणून जो छापला, तो संताजींच्या वह्यांच्याच आधारे.

तुकोबा म्हटले की मुलांना आपण मंबाजीची गोष्ट सांगतो. मंबाजी गोसाव्याने काटेरी फांदीने तुकोबांना झोडपले. रात्री तो कीर्तनाला दिसला नाही, तेव्हा तुकोबा त्याच्या दारी गेले, 'मारून तुमचेच हात दुखले असतील' म्हणून त्याचे अंग चेपले आणि त्याला कीर्तनाला घेऊन आले. गोष्ट सुंदर आहे. पण ती एवढीच सांगून थांबलो तर क्षमा म्हणजे गप्प बसणे, असा समज मुलांच्या डोक्यात बसतो, आणि मार खाणाऱ्याला गप्प बसायला सांगणे मारणाऱ्याच्या फार सोयीचे असते.

इंद्रायणीकाठी तेव्हा कोणी गप्प बसले नव्हते. शूद्राने वेदार्थ बोलू नये म्हणून वाघोलीच्या रामेश्वर भटांच्या सांगण्यावरून वह्या डोहात बुडवाव्या लागल्या, तेव्हा तुकोबा 13 दिवस अन्नपाण्याविना नदीकाठी बसून राहिले. रामेश्वर भटांच्या घरावर कोणी चालून गेले नाही, पण काठ सोडून कोणी घरीही गेले नाही. वह्या पाण्यावर तरून आल्या, असे वारकरी मानतात. लोकांच्या ओठांवरचे अभंग संताजींनी पुन्हा लिहून काढले, असेही परंपरा सांगते. या दोन्ही आठवणी एकमेकींच्या शेजारी सुखाने नांदतात. पुढे रामेश्वर भट तुकोबांचे शिष्य झाले आणि त्यांनी लिहिलेली तुकोबांची आरती आजही म्हटली जाते.

शिऊरच्या बहिणाबाईही त्या काळात देहूत होत्या. ब्राह्मण घरातली बाई शूद्राला गुरू करते म्हणून मंबाजीने त्यांचा छळ केला, त्यांची गाय नेऊन बांधली आणि तिला मारले. बहिणाबाईंनी हे सगळे मंबाजीच्या नावानिशी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत लिहून ठेवले. तुकोबांनी मंबाजीला जवळ केले म्हणून बहिणाबाईंना त्याचे नाव गाळावेसे वाटले नाही. माफी आणि नोंद यांपैकी एकच निवडायची सक्ती त्या मंडळींनी मानली नाही. सूड घेणाऱ्याचे मात्र नोंदीशी जमत नाही. खैरलांजीत साक्ष देणाऱ्यांनाच संपवले गेले, बदलापुरात जबाब तपासला जाण्याआधीच सगळे आटोपले.

म्हणून माझी मागणी साधी आणि कामापुरती आहे. साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये देशभर लागू केली. महाराष्ट्राने त्याआधीच आपला कायदा केला होता. जिवाला धोका असलेल्या साक्षीदाराला अर्ज करता येतो. जिल्ह्यातली सक्षम समिती पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवते आणि धोका पाहून घराला पहारा, न्यायालयात जाता-येता सोबत, गरज पडल्यास जागा बदलून देणे अशी व्यवस्था करता येते. मावळातल्या किती गावांत हे ठाऊक आहे? फिर्याद लिहून घेणाऱ्या हवालदाराने 'राग मनात धरून' हे शब्द लिहून झाल्यावर, समोर बसलेल्या साक्षीदाराला या अर्जाची माहिती मराठीत वाचून दाखवावी. ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी, आणि सुरुवात सुदुंबऱ्यापासून करावी.