कोरियात शिक्षक व्हायला निघालेल्या लेकीसाठी

परवा संध्याकाळी एक ओळखीचे केळीवाले भाऊ घरी आले. हातात प्लास्टिकची फाईल. मुलगी एम.ए. इंग्रजी, बी.एड., तालुक्यातल्याच एका विनाअनुदानित शाळेत महिना आठ हजारांवर शिकवते, तेही तीन-तीन महिने थकतात. एका एजंटाने तिला दक्षिण कोरियात इंग्रजी शिक्षिकेची नोकरी सांगितलीय. साडेतीन लाख, निम्मे आधी. "भाऊ, तुम्ही पेपरवाले. जरा बघा ना खरं आहे का."

फाईल उघडली. पहिल्याच पानावर 'आधी टुरिस्ट व्हिसा, तिथे गेल्यावर बदलून मिळेल'. तिथेच माझं बघणं संपलं. टुरिस्ट व्हिसावर शिकवलं की बेकायदा काम झालं. पकडलं तर मुलीला परत पाठवणार, एजंटाला नाही.

पण नोकरी साफ खोटी आहे असंही नाही, म्हणून हे लिहितोय. कोरियात परदेशी इंग्रजी शिक्षकाला ई-२ व्हिसा लागतो. तो मुळात सात देशांच्या लोकांसाठी: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. आपल्यासाठी एक खिडकी उघडली ती 'सेपा' नावाच्या भारत-कोरिया करारामुळे, जो १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. पदवी आणि इंग्रजी शिकवण्याची शिक्षक-पात्रता असलेला भारतीय तिथल्या शाळेत सहायक शिक्षक होऊ शकतो. म्हणजे आमच्या भाऊंच्या मुलीचं बी.एड. तिथे चालण्यासारखं आहे! पण खिडकी अरुंद. पालकांना अमेरिकन उच्चार हवे असतात, आणि तिथे पोरंच कमी होत चाललीत. २०२३ मध्ये कोरियाचा जननदर ०.७२ होता. वर्ग रिकामे होणाऱ्या देशात मास्तर किती लागणार?

जमलं तर पगार वीस लाख वॉनच्या वर, आपले सव्वा लाखाच्या घरात. करार बहुधा वर्षाचा, राहायला खोली मिळते. वर्गात सोबत कोरियन शिक्षक असतो. पोरं वाकून नमस्कार करतात, १५ मेला शिक्षक दिन असतो. जेवणाचे मात्र हाल. सूपात सुकी मासळी उकळलेली असते, आपलं भरीत-कळण्याची भाकरी विसरा.

आणि तिथे गुरुजनांना देव मानतात ही रीलवाली गोष्ट पूर्ण खरी नाही. जुलै २०२३ मध्ये सोलच्या एका प्राथमिक शाळेत तरुण शिक्षिकेने जीव दिला. पालकांच्या तक्रारींचा जाच होता असं सहकारी सांगत होते. देशभरचे शिक्षक आठवड्यांमागून आठवडे रस्त्यावर आले, ४ सप्टेंबरला हजारोंनी रजा टाकली. त्याच महिन्यात तिथल्या संसदेने शिक्षक संरक्षणाचे कायदे केले.

आता आपल्याकडचं बघा. शिक्षण सेवक पद्धत २००० पासून. प्राथमिकला सहा हजार मानधन होतं, ते १६ हजार व्हायला २०२३ उजाडलं. माध्यमिकला १८. तेही टेट (टीईटी), टेट (टीएआयटी) अशा परीक्षा देऊन पवित्र पोर्टलच्या याद्यांची वाट बघितल्यावर, आणि तीन वर्षं. खासगी संस्थेत जागेचा 'भाव' काय चालतो हे रावेरच्या चहाच्या टपरीवरही माहीत आहे. मी पत्रकारितेचा डिप्लोमा केला तेव्हा घरचे म्हणायचे, बी.एड. कर, नोकरी पक्की. आज वाटतं, वाचलो.

त्यामुळे एजंटाला शिव्या घालून मी मोकळा होणार नाही. आठ हजारांवर एम.ए. बी.एड. मुलगी राबवणाऱ्या व्यवस्थेनेच त्याचं गिऱ्हाईक तयार केलंय.

भाऊंना एवढं सांगितलं: परदेशी नोकरीचा एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते बघा. नोंदणीकृत एजंटाला फी ३० हजार अधिक जीएसटी एवढीच घेता येते, साडेतीन लाख नाही. शाळेचा करार आधी मागा. पदवीला अपोस्टिल आणि पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र लागेल, ते मुलगी स्वतः काढू शकते.

भाऊ फाईल घेऊन उठले. दारात म्हणाले, "अन् शाळेतले तीन महिन्यांचे थकले, ते कुठल्या पोर्टलवर बघू?"

त्या संस्थेच्या चालकांना उद्या फोन करतोय. कुणाच्या घरात अशीच फाईल असेल तर इनबॉक्समध्ये टाका, नाव बाहेर येणार नाही.