गिळते म्हणे!

"मोठी दीर्घिका लहान दीर्घिकेला गिळते." हे वाक्य वाचलं की माझं डोकंच फिरतं. गिळते काय? बकासुर आहे का ती?

जरा आकडे बघा. मोठा मॅगेलनी मेघ ही आपल्या आकाशगंगेची लहान शेजारीण, सुमारे १,६०,००० प्रकाशवर्षांवर. फार दक्षिणेला असल्यामुळे आमच्या येवल्यातून ती दिसत नाही. पण तिचं वस्तुमान आकाशगंगेच्या दहा-वीस टक्के भरतं, आणि तिच्या ओढीनं आपली अख्खी आकाशगंगा हलतेय! २०१८ साली गाया यानाच्या नोंदींवरून कळलं, की सुमारे १० अब्ज वर्षांपूर्वी एक लहान दीर्घिका आपल्यात मिसळली. तिचे तारे आजही वेगळ्याच चालीनं फिरतात, म्हणून तर ओळखू आले. गिळलेलं असं ओळखू येतं का?

म्हणजे लहान आल्या, म्हणून मोठी झाली. पण नाव कुणाचं? मोठीचंच. पैठणी विणायची येवल्यानं, मिरवायची पुण्या-मुंबईच्या शोरूमनं, आणि वर आम्हालाच विचारायचं, "येवला? ते कुठे आलं?"

तेव्हा "गिळते" नको. "लहानांतून घडते" म्हणा. हिशेब तरी चोख राहील.