गिरगाव पाहा, पण तहान मारून नको

दिवाळीची सुटी संपली की दवाखान्यात प्रवासाहून परतलेल्यांची वर्दळ सुरू होते. कोणाचे पाय सुजलेले, कोणाचे पोट बिघडलेले, कोणाच्या टाचेला नव्या चपलेने फोड आलेले. कुठे गेला होता म्हणून विचारले की उत्तर ठरलेले, "मुंबई करून आलो, डॉक्टर." आपल्याकडे मुंबई पाहत नाहीत, करतात. दोन दिवसांत दहा ठिकाणे, आणि प्रत्येक ठिकाणी एक फोटो.

अशाच गर्दीत एकदा एक निवृत्त शिक्षिका आल्या. वय साठीच्या पुढे, रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही. अंगात सणसणून ताप, हुडहुडी आणि कमरेच्या वर एका बाजूला ठणका. तीन दिवस मुलासुनेबरोबर मुंबईत फिरल्या होत्या. "दिवसाकाठी पाणी किती प्यायचात?" मी विचारले. त्या ओशाळल्या. "अर्धी बाटली असेल. प्यायलं तर जायचं कुठे, डॉक्टर?" रक्तदाबाची सकाळची गोळीही त्यांनी तिन्ही दिवस घेतली नव्हती, कारण तिने लघवीला जावे लागते. मूत्रपिंडापर्यंत जंतुसंसर्ग पोचला होता. पाच दिवस रुग्णालयात काढावे लागले. "आईने आम्हाला काही सांगितलंच नाही," मुलगा म्हणाला. मी त्याला चार शब्द सुनावले. ते सुनावण्याचा अधिकार मला किती होता, हे पुढे कळले.

त्याच हिवाळ्यात भाचीच्या लग्नाच्या निमित्ताने मी आणि सौ. गिरगावात गेलो. विद्यार्थिदशेत सुटीला मी मामांकडे तिथल्या चाळीत राहत असे. त्यामुळे लग्नाच्या आदल्या दिवशी वाटाड्याचे काम मीच अंगावर घेतले. सकाळी आठला बाहेर पडलो.

गिरगाव पाहण्यासारखेच आहे, आणि ते पायी पाहायचे. चर्नी रोड स्थानकाजवळ केळेवाडीत साहित्य संघ मंदिर आहे. मुंबई मराठी साहित्य संघाची स्थापना १९३५ सालची. त्यात पुढाकार होता डॉ. अमृत नारायण भालेराव यांचा. आमच्याच व्यवसायातला माणूस. तिथल्या नाट्यगृहाला त्यांचे नाव आहे. पुढे खोताची वाडी लागते. लाकडी सज्जे, बाहेरून चढणारे जिने आणि दोन माणसे जेमतेम शेजारून जातील अशा गल्ल्या. भोवती उंच इमारती उठल्या, वाडीतली जुनी घरे कमी होत गेली, तरी उरलेल्यांत आजही संसार चालू आहेत. म्हणून तिथे हळू बोलावे आणि कोणाच्या खिडकीत डोकावू नये. तिथून चालत खाडिलकर मार्गावरच्या केशवजी नाईक चाळींत जाता येते. मुंबईतला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ साली या चाळींत सुरू झाला. इतर ठिकाणी मूर्तींची उंची वाढत गेली, पण इथला उत्सव आजही साधेपणासाठी ओळखला जातो.

फिरत फिरत आम्ही सरदार वल्लभभाई पटेल मार्गावर आलो आणि माझ्यातला डॉक्टर जागा झाला. हा पूर्वीचा सँडहर्स्ट रोड. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. दाट, कोंदट वस्तीत ती फोफावली. म्हणून १८९८ साली शहर सुधारणेसाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. वस्ती फोडून त्याने जे रुंद रस्ते काढले त्यांतला हा एक. समुद्रावरची मोकळी हवा शहराच्या पोटात यावी, हा त्यामागचा हेतू. आरोग्यासाठी रस्ता आखणाऱ्यांचे मी भर पदपथावर कौतुक करीत होतो.

सौ. शांतपणे म्हणाल्या, "अहो, हवा पुरे झाली. बाईमाणसाने जायचं कुठे, ते आधी सांगा."

मी घड्याळ पाहिले. दुपारचा एक वाजून गेला होता. त्यांच्या पिशवीतली पाण्याची बाटली सकाळी भरली होती तशीच होती. पाच तासांत मी दोन चहा, एक पियूष आणि एक अख्खी बाटली पाणी संपवले होते. मला कुठेही अडचण आली नव्हती, आणि त्यांना ती येत असेल हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. शेवटी एका चाळीच्या दारात उभ्या असलेल्या आजींना सौ.नी संकोचत विचारले. "त्यात विचारायचं काय? या की वर," म्हणत त्या त्यांना घेऊन गेल्या. नंतर गॅलरीत बसवून पाणी दिले, चहाही केला. गिरगावात अजून अशी दारे उघडतात, याचा आनंद झाला. पण त्या शिक्षिकांच्या मुलाला मी जे बोललो होतो तेही आठवले, आणि माझी मलाच लाज वाटली.

वाचकहो, हा विषय वर्तमानपत्रात लिहिण्याचा नाही असे काहींना वाटेल. पण जो त्रास संकोचामुळे वाढतो, तो कोणीतरी बोलून दाखवलाच पाहिजे. स्त्रियांची मूत्रनलिका आखूड असते. त्यामुळे जंतूंना मूत्राशयापर्यंत पोचायला फार वेळ लागत नाही. भरपूर पाणी प्यायले आणि वेळच्या वेळी लघवी झाली तर ते धुऊन निघतात. पाणी तोडले आणि तासन्‌तास अडवून धरले तर त्यांना वाढायला सवड मिळते. मधुमेह असेल किंवा पाळी गेलेली असेल, तर धोका आणखी वाढतो. जळजळ आणि पुन्हा पुन्हा लघवीला लागणे ही पहिली खूण. थंडी वाजून ताप, कमरेच्या बाजूला ठणका, उलट्या झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. घरात उरलेल्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.

त्यात मुंबईची हवा दमट. घाम येतो, पण वाळत नाही. अंग थंड होत नाही आणि शरीरातले पाणी मात्र जात राहते. लघवीचा रंग गडद पिवळा झाला की पाणी कमी पडले असे समजावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजून सांगितले आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांचे माप पाळावे.

रक्तदाबाची किंवा लघवीची गोळी प्रवासात परस्पर बंद करू नका. निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. बऱ्याचदा वेळ बदलून देता येते. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी जेवण लांबवले तर साखर एकदम उतरते. दरदरून घाम, हातापायांना कापरे, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्या. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काही घालू नका, थेट रुग्णालयात न्या. चालताना छातीवर दाब आला तर "पित्त असेल" म्हणून पुढे चालू नका. बसा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा.

माझे मत स्पष्ट आहे. एका दिवसात एकच वस्ती पाहावी, आणि घरातल्या सर्वांत वयस्क बाईच्या पावलाने पाहावी. गिरगाव घ्या. सकाळी वाड्या आणि चाळी. दुपारचे ऊन टाळून बसून जेवण; हॉटेल निवडताना स्वच्छतागृह आहे का, हे घरातल्या पुरुषाने विचारावे. त्यात कमीपणा नाही. संध्याकाळी चौपाटी. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक गेले, त्यांचा अंत्यसंस्कार याच वाळूवर झाला. तिथे त्यांचा पुतळा आहे. भेळ खा, पण ताटलीवरच्या माशा आणि विक्रेत्याचे हात पाहून. बर्फाचा गोळा मी तरी टाळतो. दुसऱ्या दिवशी गावदेवीचे मणिभवन पाहा. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की तिथे उतरत. तिथून ऑगस्ट क्रांती मैदान दूर नाही. ८ ऑगस्ट १९४२ रोजी 'छोडो भारत'चा ठराव झाला तो तिथेच. २०२५ पासून भुयारी मेट्रोचे गिरगाव स्थानकही सुरू झाले आहे, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांना पोचणे सोपे झाले. बाणगंगा, राणीची बाग पुढच्या खेपेला.

स्त्रियांसाठी स्वच्छ आणि मोफत मुतारी असावी, यासाठी मुंबईतल्या महिला संघटनांनी २०११ साली 'राइट टू पी' ही चळवळ सुरू केली. त्या नावाला तेव्हा अनेकजण हसले होते. माझ्यासारख्या डॉक्टरांनी तरी हसायला नको होते, कारण त्या न पुरवलेल्या सोयीचा हिशेब शेवटी आमच्याच दवाखान्यात मांडला जातो.

आणि केवळ मुंबईला नावे ठेवून भागणार नाही. आपल्या आठवडी बाजारात पहाटे टोपली घेऊन येणारी बाई दिवस मावळेपर्यंत बसून असते. ती पाणी पिते का, आणि प्यायली तर जाते कुठे? बसस्थानकावर तासभर गाडीची वाट पाहणाऱ्या लेकुरवाळीचे काय? बाहेरगावचा पाहुणा आपले गाव पाहायला आला, तर त्याच्या आईला आपण काय उत्तर देणार? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हवा खेळावी म्हणून वस्तीतून रस्ता काढता आला. आज बाजारपेठेत पाणी, दिवा आणि कडी असलेली चार स्वच्छतागृहे बांधणे, आणि मुख्य म्हणजे ती रोज धुणे, नगरपालिकेला जड जाऊ नये. आपण मागत नाही म्हणून ते होत नाही.

ती सोय होईल तेव्हा होईल. तोपर्यंत सहलीला निघाल तेव्हा दर दोन तासांनी थांबा आणि सोबतच्या बाईमाणसाची पाण्याची बाटली पाहा. ती भरलेलीच असेल, तर पुढचे ठिकाण राहू द्या आणि आधी तिची सोय पाहा.