सोळा तासांची खुर्ची

फेब्रुवारी-मार्च उजाडला, की पंचवटीतल्या दवाखान्यात एक ठराविक विचारणा सुरू होते. मुलगी कॅलिफोर्नियात आहे, तिचे बाळंतपण जवळ आले आहे; किंवा मुलाने न्यू जर्सीत घर घेतले असून वास्तुशांतीला आई-वडील हवे आहेत. तिकीट निघालेले असते, प्रवासविमा उतरवलेला असतो, बॅगेत लाडू-चिवडा भरला जात असतो आणि मग डॉक्टरांना विचारले जाते, ‘एवढा वेळ बसवेल ना हो यांना?’ प्रश्न अगदी योग्य आहे. फक्त तो तिकीट काढण्याआधी विचारायला हवा.

एअर इंडियाने मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला थेट विमान डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केले आणि न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळासाठी फेब्रुवारी २०२३ मध्ये. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर सुमारे साडेतेरा हजार किलोमीटर आहे. विमान ते वाऱ्यानुसार सोळा-सतरा तासांत कापते. अशा प्रवासाचे ज्येष्ठांना वाटणारे आकर्षण समजण्यासारखे आहे. मध्ये उतरायचे नाही, परक्या विमानतळावर पाट्या वाचत फिरायचे नाही, मुंबईत बसायचे ते थेट लेकीच्या गावी उतरायचे. मात्र या सोयीची किंमत कोण आणि कशी मोजतो, हे समजून घेण्यासाठी विमानकंपनी स्वतः या प्रवासाची तयारी कशी करते ते पाहणे उद्बोधक ठरेल.

पहिली बाब इंधनाची. बोईंग ७७७ च्या लांब पल्ल्याच्या विमानात एक लाख ऐंशी हजार लिटरहून अधिक इंधन मावते. त्याचे वजन सुमारे १४५ टन भरते. त्र्यंबकेश्वराहून पंढरीला निघालेल्या वारकऱ्याने सगळ्या वाटेचा शिधा पहिल्याच दिवशी पाठीवर घ्यावा, तशी या विमानाची अवस्था असते. सुरुवातीला जळणाऱ्या इंधनाचा काही भाग पुढच्या प्रवासाचे इंधन वाहून नेण्यातच खर्ची पडतो. तरीही नेमके लागेल तेवढेच इंधन घेऊन कोणतेही विमान उडत नाही. अनपेक्षित खर्चासाठी काही, ठरलेल्या विमानतळावर उतरता न आल्यास दुसऱ्या विमानतळापर्यंत पुरेल एवढे आणि त्याउपर आणखी तीस मिनिटांची शिल्लक, असा हिशेब नियमानेच बांधलेला असतो.

दुसरी बाब मार्गाची. नकाशावरचा जवळचा रस्ता हाच लवकर पोचवणारा असतो असे नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून नेले. अंतर सुमारे चौदाशे किलोमीटरनी वाढून १५,३०० किलोमीटर झाले, पण पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या उंचावरील वाऱ्यांची साथ मिळाल्याने विमान साडेचौदा तासांतच पोचले. याउलट २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले आणि दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या अनेक विमानांना इंधनासाठी व्हिएन्ना किंवा कोपनहेगन येथे उतरावे लागू लागले. दिल्ली-वॉशिंग्टन सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून थांबवण्यात आली, त्यामागे हे एक कारण होते. सॅन फ्रान्सिस्कोहून मुंबईला येणारे विमानही त्या काळात कोलकात्याला थांबत असे. तेव्हा मागच्या वर्षी शेजाऱ्यांचा प्रवास कसा झाला, यावर विसंबून राहू नये. आपल्या तारखेचे विमान कोठे थांबणार आहे, तेथे प्रवाशांना उतरू देतात की आतच बसवून ठेवतात, हे तिकीट काढतानाच विचारून घ्यावे. इंधनासाठीच्या थांब्यात बहुधा आतच बसावे लागते. पाय मोकळे होत नाहीत आणि तास मात्र वाढतात.

तिसरी बाब माणसांची. माझ्या मते वैद्यकीयदृष्ट्या हीच सर्वांत महत्त्वाची आहे. इतक्या लांबच्या उड्डाणावर साधारणपणे चार वैमानिक असतात. ते जोडीजोडीने काम करतात. एक जोडी विमान चालवते, तेव्हा दुसरी प्रवाशांना न दिसणाऱ्या कप्प्यातील बिछान्यावर आडवी होते. सेविकांसाठीही अशी सोय असते. वैमानिकाची ड्यूटी विमान उडाल्यापासून धरत नाहीत. तो कामावर हजर झाल्यापासूनच तास मोजले जातात. पहाटे दोन ते सहा हा काळ शरीराच्या सर्वाधिक शैथिल्याचा म्हणून नियमांत वेगळा मानलेला आहे. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नव्या नियमांनी वैमानिकांची सलग साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली. त्या नियमांचा दुसरा टप्पा नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला आणि पुढच्याच महिन्यात एका मोठ्या कंपनीची शेकडो उड्डाणे रद्द झाली, हे वाचकांना आठवत असेल. त्रास प्रवाशांना झाला हे खरे. तरी थकलेल्या माणसाच्या हाती तीनशे जीव सोपवू नयेत, हा नियमामागचा विचार मला पूर्णपणे पटतो.

(घरातल्या अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची रात्रपाळी वर्षानुवर्षे एकटीने करणारी सून किंवा मुलगी माझ्या ओळखीची आहे, आपल्याही असेल. तिच्या अठ्ठेचाळीस तासांचा नियम कोणी केलेला नाही. त्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहीन.)

आता वैमानिकाच्या हिशेबाने आपल्या आजींचे तास मोजून पाहू. त्यांची ‘हजेरी’ लागते ती पंचवटीतल्या घराचा उंबरा ओलांडताना. कसारा घाट, भिवंडीची कोंडी धरून मुंबई विमानतळापर्यंत चार-साडेचार तास. तेथे साडेतीन तास आधी पोचणे. मग सोळा-सतरा तासांचे उड्डाण. पलीकडे पारपत्राची रांग आणि सामान यांत दोन तास. शेवटी मोटारीने घर. बेरीज सत्तावीस-अठ्ठावीस तासांची होते. वैमानिक विश्रांती घेऊन आलेला असतो आणि मध्ये आडवाही होतो. बहात्तर वर्षांच्या आजी मात्र आदल्या रात्री बॅगा भरत जागलेल्या असतात आणि पुढचे सगळे तास बसून काढतात. त्यामुळे माझी पहिली सूचना औषधाची नाहीच. आदल्या दिवशी मुंबईला, ठाण्याला किंवा डोंबिवलीला नातलगांकडे मुक्काम करावा आणि एक झोप पूर्ण करून विमानतळावर जावे.

विमानात शरीराचे काय होते? आतील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तितका ठेवतात. आपल्या इगतपुरीजवळचे कळसूबाई शिखर, महाराष्ट्रातील सर्वांत उंच, १,६४६ मीटर म्हणजे सुमारे ५,४०० फूट आहे. थोडक्यात, कळसूबाईच्याही वर सोळा तास बसायचे असते. निरोगी माणसाच्या रक्तातील प्राणवायू थोडा उतरतो आणि त्याला जाणवतही नाही. ज्यांना जिना चढताना धाप लागते, ज्यांचे हिमोग्लोबिन फार कमी आहे किंवा ज्यांना अलीकडे हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, त्यांची मात्र आधी नीट तपासणी हवी. गरज भासल्यास विमानकंपनीचा वैद्यकीय अर्ज भरून प्राणवायूची सोयही मागता येते.

दुसरा धोका पोटरीतील शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा. चार तासांहून अधिक सलग बसून केलेल्या प्रवासाने हा धोका दुप्पट-तिप्पट होतो. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासानुसार निरोगी माणसांत तो सहा हजारांत एक एवढाच आहे. घाबरण्याचे कारण नाही. पूर्वी गुठळी झालेली असेल, कर्करोगाचे उपचार चालू असतील, गुडघ्याची वा खुब्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर मात्र ही आकडेवारी आपली नव्हे. अशांनी रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाविषयी डॉक्टरांशी बोलावे. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून ॲस्पिरिनची गोळी घेऊ नये. गुडघ्यापर्यंतचे घट्ट कॉम्प्रेशन मोजे उपयोगी पडतात, पण ते मापाचे हवेत आणि पायांचा रक्तपुरवठा मुळात कमी असलेल्यांनी विचारल्याशिवाय घालू नयेत.

पाण्याविषयी थोडे स्पष्ट बोलतो. विमानातील हवा अत्यंत कोरडी असते. आपल्या घरातील स्त्रिया मात्र ‘सारखे उठावे लागेल’ या संकोचापायी प्रवासात पाणीच पीत नाहीत, आणि प्रोस्टेट वाढलेले आजोबाही तेच करतात. खिडकीची जागा मिळाली म्हणून आनंद मानू नये. जागा मार्गिकेलगतचीच मागावी, दर दीड-दोन तासांनी उठावे आणि उठलेच आहे तर चार पावले अधिक चालून यावे. ऑक्टोबर २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीने न्यूयॉर्क ते सिडनी असे १९ तास १६ मिनिटांचे उड्डाण केवळ अभ्यासासाठी केले. जेमतेम पन्नास माणसे नेली, जेवणाच्या आणि दिव्यांच्या वेळा बदलून पाहिल्या आणि प्रवाशांकडून मार्गिकेत व्यायामही करून घेतले. तेव्हा आपण उठून पाय झटकले तर हसणाऱ्याने खुशाल हसावे. झोपेची गोळी मात्र विमानात घेऊ नये. तिच्या अमलाखाली माणूस तासन्‌तास एकाच स्थितीत पडून राहतो, आणि अर्धवट जाग येऊन स्वच्छतागृहाकडे निघाला की पडतो.

औषधांच्या बाबतीत विमानाच्या इंधनाचाच हिशेब वापरावा. मुक्कामाला लागतील तेवढी, त्यावर परतीचे तिकीट पुढे गेल्यास पुरतील अशी काही आठवड्यांची, आणि त्यातली किमान आठवड्याची हातातल्या पिशवीत. इन्शुलिन कधीही मोठ्या बॅगेत टाकू नये. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकते. चिठ्ठीवर औषधांची मूळ नावे लिहून घ्यावीत, कारण आपली दुकानी नावे तिकडे ओळखत नाहीत. उन्हाळ्यात कॅलिफोर्निया आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असते. येथील सकाळी नऊची गोळी तेथे रात्री साडेआठला येते. विमानात घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवावे आणि त्यानुसार औषधे घ्यावीत. पोचल्यावर वेळ कशी सरकवायची हे, विशेषतः इन्शुलिनचे, आधीच कागदावर लिहून घ्यावे. गोंधळात एकाच दिवशी दोनदा गोळी घेतली जाण्यापेक्षा ती चार तास उशिरा घेतलेली बरी.

थेट जावे की मध्ये थांबून, यावर सरसकट उत्तर नाही. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला परक्या विमानतळावर उतरवणे म्हणजे हाल. तिला थेट विमानच बरे आणि सोबत जागे राहणारे माणूस हवे. दोघे सोबतीला असतील तर त्यांनी वैमानिकांप्रमाणे पाळीपाळीने झोपावे. पाय सुजणारे, हृदय दुर्बळ असलेले, पाठीच्या दुखण्याने बेजार झालेले प्रवासी मात्र वाटेत एक रात्र मुक्काम करून गेले, तर अधिक चांगल्या स्थितीत पोचतात असे मी पाहिले आहे. व्हीलचेअर दोन्ही प्रकारांत आधी नोंदवावी. तिचा संकोच बाळगणाऱ्या आजोबांना मी सांगतो, की ती रांगेसाठी आहे, आजारासाठी नव्हे.

पलीकडे वाट पाहणाऱ्या लेकी-सुनांना एक विनंती. लांब उड्डाणानंतर वैमानिकाला लगेच कामावर घेत नाहीत. बाळंतपणासाठी आलेल्या आजींना मात्र दुसऱ्याच रात्री बाळ सांभाळायला दिले जाते, कारण ‘त्यांना तशीही झोप येत नाहीये’. शरीराचे घड्याळ दिवसाला साधारण तासभरच सरकते. पहिल्या चार-पाच रात्री त्यांना एकटीने बाळ उचलायला देऊ नका, जिन्यावर दिवा ठेवा आणि सकाळी त्यांना उन्हात फिरवून आणा. पुढच्या चार आठवड्यांत एकाच पायाची पोटरी दुखू लागली, सुजली, किंवा अचानक धाप लागून छातीत कळ आली, तर प्रवासाचा शीण समजून वाट पाहू नका. त्याच दिवशी रुग्णालयात न्या आणि तेथील डॉक्टरांना विमानप्रवासाची तारीख सांगा.