कॉन्टेसात नवं इंजिन? आधी आरसी बघा!

रील्सवर एखादी कॉन्टेसा तुम्हीही पाहिली असेल. काळी कुळकुळीत, लांबलचक बोनेट, मागे रुंद टायर. ॲक्सिलरेटर दाबला की असा काही आवाज येतो, की आतलं इंजिन मूळचं नाही हे लगेच कळतं. बघणारा प्रत्येक जण विचारतो, ‘इंजिन कोणतं टाकलं भाऊ?’ आरसीवर कोणतं आहे, हे मात्र कुणी विचारत नाही.

कॉन्टेसाला आपल्याकडे देशी मसल कार म्हणतात, पण ते तिच्या अंगकाठीमुळे. हिंदुस्थान मोटर्सने 1984 मध्ये ती आणली तेव्हा बॉडी होती ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरची आणि इंजिन होतं ॲम्बेसेडरचं 1489 सीसीचं. ताकद जेमतेम पन्नास हॉर्सपॉवर. म्हणजे शरीर पहिलवानाचं आणि दम लागतो जिना चढताना! मग कंपनीनेच काही वर्षांत त्यात जपानच्या इसुझूचं 1.8 लिटरचं इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स बसवला. ताकद 88 हॉर्सपॉवरच्या आसपास गेली आणि लोक ‘कॉन्टेसा क्लासिक’च्या प्रेमात पडले. पुढे हेच इसुझू इंजिन ॲम्बेसेडरलाही मिळालं. प्रीमियरनेही तेच केलं: 118 एनईची बॉडी फियाटची, इंजिन निस्सानचं. उलटा प्रयोग केला तो स्टँडर्ड 2000 ने. बॉडी रोव्हरची आधुनिक, पण इंजिन जुन्या व्हॅनगार्डच्या घराण्यातलं. ती गाडी आपटली.

थोडक्यात, जुन्या गाडीत नवं इंजिन ही काही इन्स्टावरच्या पोरांनी काढलेली टूम नाही. फरक इतकाच, की कंपनी हे करायची तेव्हा त्याला ‘नवं मॉडेल’ म्हणायचे. तुम्ही केलं तर तो गुन्हा ठरतो.

गुन्हा हा शब्द घाबरवायला वापरलेला नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं, की कंपनीने मुळात जे तपशील दिले त्यांच्याशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. 9 जानेवारी 2019 रोजी सुप्रीम कोर्टाने केरळच्या एका प्रकरणात यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम 182 अ आलं. त्यानुसार बेकायदा बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन असेल तर आरटीओच्या परवानगीने बदलता येतं आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढवता येतो. पण कॉन्टेसाचं तसलं इंजिन आणणार कुठून? कंपनीने ही गाडी बंद करून वीस वर्षं उलटली. आणि कबाड्याकडून बिलाशिवाय उचललेलं इंजिन चोरीच्या गाडीतलं निघालं, तर प्रकरण आरटीओवरून थेट पोलिस ठाण्यात जातं.

आता यातली गंमत बघा. पीयूसी काढताना जुन्या, भारत स्टेजच्या आधीच्या पेट्रोल कारला धुरात 3 टक्क्यांपर्यंत कार्बन मोनॉक्साइड चालतो. बीएस-4 पासूनच्या कारला मर्यादा आहे 0.3 टक्के. म्हणजे दहापट जास्त विषारी धूर सोडणारं जुनं इंजिन कायदेशीर, आणि त्याच गाडीत बसवलेलं स्वच्छ, नवं इंजिन बेकायदेशीर!

कायद्यात एक दार उघडं आहे, ते इंधन बदलण्याचं. मान्यताप्राप्त किट असेल तर सीएनजी चालतं, एलपीजी चालतं, अख्खं इंजिन काढून बॅटरी आणि मोटरही चालते. पण किटला चाचणी संस्थेची मान्यता लागते, आणि ती ठरावीक मॉडेलसाठी असते. पुण्याच्या एआरएआयमध्ये डिझायरसारख्या हजारोंनी विकल्या गेलेल्या गाडीसाठी किट पास करून घेणं परवडतं. मोजक्याच उरलेल्या कॉन्टेसांसाठी तो खर्च कोण करणार?

मग गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदवावं? जुलै 2021 मध्ये केंद्राने त्याचे नियम काढले. ते काढणाऱ्या खात्याचे मंत्री आपल्याच शहराचे खासदार, नितीन गडकरी. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं पूर्ण झालेली दुचाकी किंवा कार, नव्या नोंदणीला 20 हजार रुपये शुल्क, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. अट अशी, की चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नको. शिवाय रोज चालवायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. इंजिन बदललं की हेही दार बंद.

हे सगळं वाचून ‘सरकारला गाड्यांचं प्रेमच नाही’ असं म्हणणं सोपं आहे. पण कायद्याची भीती अगदीच बिनबुडाची नाही. समृद्धी महामार्ग आपल्या नागपूरपासूनच सुरू होतो आणि तिथे कारला ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. जुन्या ॲम्बेसेडरला चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागे पाटे. तिच्यात दीडशे हॉर्सपॉवरचं इंजिन टाकलं तर ती पळेल हो, थांबेल का? मे महिन्यात पारा 45 वर गेला की जुना रेडिएटर मूळ इंजिनच कसंबसं थंड ठेवतो. वर अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला आयतं कारण मिळतं. समोरच्या गाडीतल्या माणसाने काय करायचं? म्हणून ‘आमची गाडी, आमची मर्जी’ हा युक्तिवाद मला पटत नाही.

पण सरसकट बंदी आणि सरसकट मोकळीक यांच्या मधेही जागा असते. कॅलिफोर्नियात इंजिन बदलता येतं, अट अशी की नवं इंजिन गाडीइतकंच किंवा तिच्याहून अलीकडचं हवं, आणि त्याची प्रदूषण रोखणारी सगळी यंत्रणा सोबत बसवलेली हवी. मग सरकारने नेमलेला रेफरी गाडी तपासून शिक्का देतो. जनरल मोटर्स तर असा शिक्का मिळावा म्हणूनच तयार इंजिन-पॅकेज विकू लागली. ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं गुणपद्धत होती: मूळ चेसिसला 5, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स, स्टिअरिंगला प्रत्येकी 2 आणि इंजिनला फक्त 1. एकूण 8 भरले की गाडीची जुनी ओळख कायम. तिथे इंजिन हा गाडीचा आत्मा वगैरे कुणी मानला नाही.

आपल्याकडे एकेक गाडी तपासून, ब्रेक, चेसिस, धूर बघून परवानगी देण्याची अशी सोय हवी. फी घ्या, कडक तपासा, नापास करा, पण तपासा तरी. आज नीट काम करणारा मेकॅनिक आणि जुगाड करणारा, दोघेही कायद्यासाठी सारखेच. मग बिल देऊन, ब्रेक सुधारून, खर्च वाढवून कोण काम करेल? आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा ट्रेड करून निघणाऱ्या पोरांसाठी हा चांगला धंदा होऊ शकतो. सध्या तो शटर अर्धं पाडून चालतो.

तोवर घरात कॉन्टेसा असेल तर मूळ इंजिनच दुरुस्त करा. दहा-पंधरा वर्षांत गाडी भंगारात, हा नियम दिल्ली परिसरातला आहे, नागपूरचा नाही. इथे फिटनेस पास झाली की पाच-पाच वर्षांनी नोंदणी वाढते. वीस वर्षांवरच्या कारला ऑगस्ट 2025 पासून त्यासाठी 10 हजार रुपये मोजावे लागतात. आणि मूळ इंजिन काढलंच असेल तर ते विकू नका. सगळ्यात पहिल्या कॉन्टेसा 2034 मध्ये पन्नाशी गाठतील आणि व्हिंटेजच्या अर्जासोबत तेच इंजिन लागेल.