मोठेपणी कोण होणार?

‘यार, ह्या जॉबमध्ये काही मीनिंगच नाही!’ हे वाक्य महिन्यातून दोनदा तरी माझ्या कानावर पडतं. बहुतेक वेळा कॉफीच्या टेबलावर आणि हमखास अप्रेजलच्या आसपास. (आम्हा फ्रीलान्सर मंडळींना अप्रेजलचं टेन्शन नसतं. आमचा थेट चेकच लेट होतो.) पंचविशी ओलांडली की आयुष्याचा अर्थ शोधायला बसायचं, हा आपल्या पिढीचा आवडता उद्योग आहे म्हणा ना. पण आपल्याच वयाची अशीही मुलंमुली आहेत, ज्यांच्यावर हा प्रश्न विचारायची वेळ येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. कारण ती पंचविशीपर्यंत पोचतील असंच कुणी धरलं नव्हतं.

अशा एका मुलाशी माझी गाठ पडली ती मुकुटबनला. यवतमाळ जिल्हा, झरी-जामणी तालुका, थोडं पुढे गेलं की तेलंगणा. कोळसा, चुनखडी, सिमेंटचा मोठा प्लांट आणि रस्त्यावर ट्रकच ट्रक. माझी कॉलेजातली मैत्रीण तिथे नोकरीला आहे, तिच्याकडे चार दिवस गेले होते. मी पत्रकार आहे म्हटल्यावर तिथल्या एका आरोग्य कार्यकर्तीने आधी त्या मुलाला विचारलं, मग मला. त्याचं नाव, गाव सांगणार नाही, काही तपशीलही बदललेत. जन्मापासून एचआयव्ही पॉझिटिव्ह. आईवडील लहानपणीच गेले. त्यांना कसा झाला, हे मी विचारलं नाही. असा कुणी भेटला तर तुम्हीही विचारू नका.

तो मोबाइल रिपेअरिंगचं काम करतो. तब्येत माझ्यापेक्षा ठणठणीत. रोज रात्री नऊला एक गोळी, संपला विषय. मी आपली तयारी करून गेले होते, भेदभाव वगैरे विचारायचा म्हणून. तो भलतंच बोलला.

‘‘ताई, लहानपनी मले कोनीच इचारलं नाही का मोठा होऊन काय होशीन. सोबतच्या पोरायले सगळेच इचारे. मले फक्त इचारे, गोळी खाल्ली का?’’

हे ऐकल्यावर माझी प्रश्नांची वही मिटली.

ह्याच्यामागे एक साधा हिशोब आहे. आपल्याकडे सरकारी केंद्रांतून एचआयव्हीची मोफत औषधं मिळायला सुरुवात झाली ती १ एप्रिल २००४ पासून. महाराष्ट्र पहिल्या सहा राज्यांत होता. त्याआधी ही औषधं सामान्य घराच्या आवाक्यातच नव्हती. म्हणजे पॉझिटिव्ह जन्मलेली आणि औषधांवर तगून मोठी झालेली आपल्याकडची पहिली मोठी पिढी आत्ता विशी-पंचविशीत आहे. औषधांनी त्यांना वर्षं दिली. त्या वर्षांचं करायचं काय, ह्याची तयारी मात्र ना घरच्यांनी केली होती ना शाळेने.

ह्या पोराच्या घरी होती फक्त आजी. रोज नऊला ती पाण्याचा पेला घेऊन समोर बसायची. आजी गेली आणि ह्याची गोळी सुटली. एक दिवस नाही, काही महिने. ‘‘खाऊन तरी कोनाले दाखवू?’’ असं तो म्हणाला. मग आजारी पडला, तेव्हा एआरटी केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी लेक्चर दिलं नाही. त्यांनी त्याला एक काम दिलं. बारा वर्षांचा एक मुलगा गोळ्या गादीखाली लपवत होता. त्याच्या मावशीला विचारून बाईंनी ह्याला त्या पोराशी जोडून दिलं. आता दोघंही नऊ वाजता फोनवर गोळी घेतात. नंतर क्रिकेटवर भांडतात. ‘‘त्याचा फोन नाही आला त मलेच झोप येत नाही,’’ हे सांगताना तो पहिल्यांदा हसला.

मला वाटतं, फंडा इथे आहे. ‘आयुष्य सुंदर आहे’ असं ह्या मुलांना सांगून काही होत नाही. कुणीतरी आपल्या भरवशावर आहे, हे कळलं की फरक पडतो.

लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यातल्या हासेगावला हे खूप मोठ्या प्रमाणावर घडलंय. रवी बापटले हे मूळचे पत्रकार, म्हणजे आमच्याच धंद्यातले. २००७ मध्ये त्यांनी तिथे पॉझिटिव्ह मुलांसाठी ‘सेवालय’ सुरू केलं. गावाचा विरोध झाला, मुलांच्या शाळाप्रवेशावरूनही वाद पेटला. पण खरा पेच नंतर आला. मुलं अठरा वर्षांची व्हायला लागली. बालगृहाचं छप्पर असतं अठरापर्यंत, पुढे जायचं कुठे? त्यातून त्यांच्यासाठी वसलं ‘हॅपी इंडियन व्हिलेज’. इंग्रजी आद्याक्षरं जुळवून बघा! मुलांचा ‘हॅपी म्युझिक शो’ हा ऑर्केस्ट्राही आहे, स्टेजवर गाणी, नाच, सगळं. दया म्हणून टाळ्या वाजवणारेही असतीलच, पण सूर चुकला तर तो प्रेक्षकांना कळतोच. मला ह्यातली ही गोष्टच आवडते. तिथे लग्नंही लागतात.

लग्नावरून आठवलं. १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा व्यक्तीचा लग्नाचा हक्क स्थगित राहतो, असं म्हटलं होतं. २००२ मध्ये ते मागे घेतलं. २००६ मध्ये आपल्या परिवहन खात्यातले अधिकारी अनिल वळीव यांनी पॉझिटिव्ह लोकांसाठी ‘पॉझिटिव्ह साथी’ ही लग्न जुळवणारी वेबसाइट काढली. आणि विज्ञान तर आता आणखी पुढे गेलंय. औषधं नियमित घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत न सापडण्याइतका कमी राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात पावणेआठशेहून जास्त जोडप्यांत अशी एकही लागण सापडली नाही. आईने औषधं नीट घेतली तर बाळ निगेटिव्ह जन्मू शकतं. हे सगळं त्या पोराला ठाऊक होतं. ‘‘मले मालूम हाये ताई. पोरीच्या बापाले कोन सांगन?’’ ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्याला त्याहून घाईचा प्रश्न होता नोकरीचा. आयटीआय झालाय, पण कंपनीच्या मेडिकलमध्ये ही टेस्ट करतील ह्या भीतीने त्याने आजवर एकही अर्ज केलेला नाही. आता हे आपल्या, म्हणजे ऑफिसवाल्यांच्या, अंगणातलं. १९९७ मध्येच मुंबई हायकोर्टाने ‘एमएक्स’ ह्या टोपणनावाने आलेल्या एका मजुराच्या बाजूने निकाल दिला होता. काम करायला फिट असलेल्या माणसाला केवळ पॉझिटिव्ह म्हणून काढता येत नाही. पुढे २०१७ चा कायदा आला, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. नोकरी देताना ही टेस्ट सक्तीची करता येत नाही, संमतीशिवाय कुणाचं स्टेटस फोडता येत नाही, आणि शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत ह्या तक्रारींसाठी अधिकारी नेमायला हवा. तुमच्या ऑफिसात तो कोण आहे, सोमवारी एचआरला सहज विचारून बघा. चेहरे बघण्यासारखे होतील.

त्याला मी हे सांगितलं तर म्हणाला, ‘‘तोंडानं नको, लिहून दे.’’ पुण्याला परतल्यावर कायद्याची मराठीत दोन पानं करून पाठवली. तीन दिवस नुसतीच निळी टिक. चौथ्या दिवशी, रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी, भरलेल्या फॉर्मचा फोटो आला. खाली एक ओळ होती, ‘फोटो पासपोर्ट साइज चालते का स्टॅम्प साइज?’