मोरीचें माहात्म्य

कोंकणांतील कोणत्याहि नांदत्या घरीं वैशाख संपण्याच्या आंत एक काम होतेंच होतें. माणूस घरावर चढतो, फुटकीं कौलें काढून नवीं घालतो, सरकलेलीं नीट बसवितो, पन्हळ साफ करतो आणि खालीं उतरतो. या शाकारणीचा समारंभ होत नाहीं, तिची कोनशिला बसत नाहीं, कीं ती करणाऱ्याचें नांव कोठें कोरलें जात नाहीं. परंतु जें घर एक वर्ष शाकारावयाचें राहिलें त्याचा वासा दुसऱ्या वर्षीं कुजतो आणि पुढें कधींतरी आढेंच खालीं येतें, हें आमच्या घरांतील वडीलधाऱ्या बायकांना जितकें कळतें तितकें सभांतून भाषणें करणाऱ्यांस कळत असेल असें वाटत नाहीं. या महिन्यांत आम्ही वाचकांशीं बोलणार आहों तें घराच्या नव्हे, तर गांवाच्या शाकारणीविषयीं. म्हणजे समुद्रकांठच्या लहान गांवांतील रस्ते, मोऱ्या, साकव आणि बांध यांच्या डागडुजीविषयीं.

विषय किरकोळ वाटेल. परंतु अशा गांवाची ठेवण एकवार डोळ्यांपुढें आणावी. एका अंगास डोंगर, दुसऱ्या अंगास समुद्र, आणि मध्यें नारळीपोफळींच्या आगरांची चिंचोळी पट्टी. केळशी, आंजर्लें, गुहागर, कोणतेंहि गांव घ्या, थोड्याफार फरकानें हेंच चित्र. रस्ता जातो तो समुद्राला समांतर, आणि डोंगरावर पडलेलें पाणी समुद्राकडे धांवतें तें रस्त्याला आडवें. रत्नागिरी जिल्ह्यांत पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरीनें ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. म्हणजे सांठवून ठेवला तर दीड पुरुष खोल पाणी व्हावें. या पाण्याला समुद्रास मिळण्याची वाट एकच, ती म्हणजे रस्त्याखालची मोरी. मोरी मोकळी असेल तर रस्ता रस्ता राहतो. मोरी तुंबली कीं रस्त्याचा बांध होतो. मग वरच्या अंगाचीं घरें तळ्यांत उभीं राहतात, आणि कोंडलेलें पाणी शेवटीं रस्ताच फोडून आपली वाट काढतें.

गाड्यांच्या ओझ्यानें रस्ता मोडतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. ओझें हें कारण आहेच. परंतु कोंकणांत रस्त्याचा खरा वैरी पाणी होय. डांबर खडीला घट्ट धरून असतें तोंवर वरचें पाणी आंत उतरत नाहीं. एकदां भेग पडली आणि पाणी आंत गेलें, कीं तें खडीवरील डांबराची पकड सोडवितें, खालची माती मऊ करतें, आणि मग पुढून येणारी गाडी केवळ निमित्त होते. म्हणून रस्त्याची पाठ मध्यें किंचित् उंच ठेवून दोन्ही अंगांस उतार देतात व कडेनें गटार काढतात. समुद्राजवळच्या पुलांची गोष्ट आणखी निराळी. खाऱ्या हवेंतील क्षार काँक्रीटमध्यें मुरतात, आंतील लोखंडी सळई गंजते, गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो, आणि वरचें काँक्रीट आंतून फुटतें. बाहेर तांबूस डाग दिसूं लागतो तेव्हां आंतला नाश पुष्कळ पुढें गेलेला असतो. डाग दिसतांच उपाय केला तर खर्च थोडा. कठडा ढांसळल्यावर केला तर सगळा पूलच नवा करण्याची पाळी.

आमच्या गांवचाच दाखला देतों. गेल्या तीस वर्षांत आमच्या बाजारांतला रस्ता चार वेळां दुरुस्त झाला. दुरुस्ती म्हणजे जुना थर न खरवडतां त्यावर नवा थर घालणें. प्रत्येक खेपेस रस्ता चारपांच बोटें वर चढला. ज्या घरांच्या ओटीवर पूर्वीं दोन पायऱ्या चढून जावें लागे तेथें आतां रस्त्यावरून सरळ पाय टाकतां येतो; आणि ज्या वाटेनें पाय जातो त्याच वाटेनें पाणीहि जातें. त्यानंतर रुंदीकरणाचें काम निघालें. फाल्गुनांत रस्ता खणला, तो ज्येष्ठ लागला तरी खणलेलाच होता. जांभ्या चिऱ्यांची जुनी मोरी काढून तिच्या जागीं नळ घातला, आणि त्याच्या तोंडाशीं मातीदगडांचा ढिगारा तसाच सोडून ठेकेदाराचीं माणसें निघून गेलीं. आषाढांतल्या पहिल्या मोठ्या पावसांत वरच्या आळींतील घरांत गुडघाभर पाणी शिरलें आणि पहाटे मोरीपाशीं रस्ता वाहून गेला.

पुढचे अकरा दिवस एस्. टी. गांवांत आली नाहीं. हायस्कुलांतलीं मुलें घरीं बसलीं. बर्फाची गाडी येईना, म्हणून कोळ्यांच्या घरचे खाडींतले मासे मातीमोलानें गेले. दळण, औषधें, टपाल, सारें डोक्यावरून. त्याच दिवसांत एका गरोदर मुलीला रात्रीं होडीनें खाडीपलीकडे न्यावें लागलें. मायलेंकरें सुखरूप आहेत ही देवाची कृपा. परंतु भर पावसांत, कंदिलाच्या उजेडांत, ती होडी धक्क्यावरून सुटली तेव्हां कांठावर उभ्या असलेल्या तिच्या सासूच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. पुढें नव्या पुलासाठीं मोठी रक्कम मंजूर झाली, हारतुरे झाले. बैल गेला आणि झोंपा केला! तो ढिगारा वेळेवर उपसण्यास दोन माणसांचा एक दिवस पुरला असता. कोणाचें नांव घेऊन दोष देण्याचें आमच्या मनांत नाहीं. कारण असा ढिगारा ज्या गांवांत नाहीं असें गांव आमच्या किनाऱ्यावर क्वचितच सांपडेल.

लहान मोरीची जी गोष्ट तीच मोठ्या पुलाची. महाडजवळ सावित्री नदीवर १९२८ सालीं बांधलेला दगडी पूल ८८ वर्षें वाहतूक वाहत होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महापुरांत तो कोसळला, आणि दोन एस्. टी. गाड्या व इतर वाहनें माणसांसह नदीनें नेलीं. सावित्री बाणकोटापाशीं समुद्रास मिळते. त्या अभाग्यांचीं प्रेतें खाडीच्या कांठीं आणि थेट आंजर्ल्याच्या किनाऱ्यापर्यंत सांपडलीं. महामार्गावरचें दुःख असें समुद्रकांठच्या गांवांच्या दाराशीं आलें. त्याच वर्षीं मे महिन्यांत पुलाची पाहणी होऊन तो वाहतुकीस योग्य ठरला होता, असें सरकारकडून मागाहून सांगण्यांत आलें. पुराचें वेगवान पाणी खांबांच्या पायाखालची वाळू व माती खरवडून नेतें, आणि पुलावर उभें राहून पाहणाऱ्यास त्यांतलें कांहींच दिसत नाहीं. पाहणी करावयाची तर ती पाण्याखालीं उतरून करावी लागते.

तेथील नवा पूल अवघ्या १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ रोजीं खुला झाला. हें काम खचितच कौतुकास्पद होय. परंतु त्यांतूनच एक प्रश्न उभा राहतो. जें सरकार १६५ दिवसांत नवा पूल बांधूं शकतें त्याच्यापाशीं पैसा नाहीं, विद्या नाहीं किंवा माणसें नाहींत, असें कोण म्हणेल? मग उणें कशाचें? आमच्या मतें उणें आहे तें मानाचें. नवें बांधणाऱ्यास आम्ही मान देतों. असलेलें राखणाऱ्यास देत नाहीं.

ही मनुष्यस्वभावाची खोड आमच्या पूर्वजांना ठाऊक होती. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत तळीं व बंधारे यांसंबंधीं करमाफीचे नियम दिले आहेत. नवें बांधील त्यास ५ वर्षें माफी. मोडून टाकलेलें दुरुस्त करील त्यास ४ वर्षें. आणि वर माजलेलें रान काढून साफ करील त्यासहि ३ वर्षें. नव्या कामाचें मोल अधिक खरें, पण साफसफाईचें मोल शून्य नव्हे, हा त्यांतला विवेक पाहण्याजोगा आहे. गिरनार येथील शिलेवर इसवी सन १५० च्या सुमारास कोरलेला महाक्षत्रप रुद्रदामन् याचा लेखहि असाच बोलका आहे. मौर्यकालीन सुदर्शन तलाव वादळांत फुटला. भगदाड एवढें मोठें पडलें कीं राजाच्या सचिवांनींच तें काम होणें नाहीं असें म्हटलें, आणि प्रजेंत हाहाकार झाला. तेव्हां सुविशाख नांवाच्या अधिकाऱ्यानें तें काम पार पाडलें, आणि राजानें त्याचा खर्च प्रजेवर कर किंवा वेठ न लादतां आपल्या खजिन्यांतून केला. त्या शिलेवर तलाव बांधविणाऱ्या पुष्यगुप्ताचें नांव आहे, आणि दुरुस्त करणाऱ्या सुविशाखाचेंहि आहे. अशी शिला आज आमच्या तालुक्यांत कोणी दाखवून द्यावी!

राजांचें झालें, आतां रयतेचें पाहूं. अलिबागेकडील खारेपाटांत भरतीचें पाणी शेतांत शिरूं नये म्हणून मातीचे बांध असतात. बांधाला खांड पडली कीं गांवांत हांक फिरे आणि घरटीं एक माणूस फावडें घेऊन बांधावर जाई. या चालीस जोळ म्हणत. पुढें १९४८ आणि १९७९ सालीं खारभूमीचे कायदे होऊन जबाबदारी सरकारकडे गेली, आणि हळूहळू जोळ मोडली. सरकारनें जबाबदारी घेतली हें वाईट झालें असें आम्ही म्हणत नाहीं. समुद्राशीं झुंजणारा बांध एकट्या गांवाच्या शक्तीबाहेरचा आहे. वाईट झालें तें हें, कीं बांधण्याबरोबर पाहण्याचें कामहि गांवानें सोडून दिलें. तालुक्याच्या गांवीं बसणाऱ्या अधिकाऱ्याला कोणत्या मोरींत कोणतें झाड अडकलें हें कसें कळावें? तें कळतें रोज त्या वाटेनें देवळांत जाणाऱ्या म्हाताऱ्याला आणि पाण्याला जाणाऱ्या सुनेला.

येथें आमच्या वाचकांचा संबंध येतो. पुष्कळांचें घर गांवीं आणि बिऱ्हाड पुण्यामुंबईस, अशी स्थिति आहे. सातबाऱ्यावर पणजोबांच्या वंशांतील पंधरावीस नांवें असतात. त्यांतील निम्मीं माणसें एकमेकांस ओळखीत नाहींत. गटार रुंद करण्यास गडग्याची दोन हात जागा हवी असते, तर संमतीची सही कोणाची घ्यावी हेंच ठरत नाहीं. मुंबई-गोवा महामार्गावर परशुराम घाटांतहि जमिनीच्या मोबदल्याचा धनी कोण या वादांत काम लांबलें, आणि २०२२ सालच्या एप्रिल-मे महिन्यांत घाट दुपारचे कांहीं तास बंद ठेवून काम उरकावें लागलें. आपल्या हक्काचें सोडूं नये, हें आम्हांसहि मान्य आहे. परंतु हक्क सांगावयास वीसजण पुढें आणि मोरी उपसावयास एकहि नाहीं, ही एकत्र कुटुंबाची शोभा नव्हे. भावकीनें एकत्र बसून एका विश्वासू माणसास मुखत्यारपत्र लिहून द्यावें. निदान रस्त्याचें काम तरी आपल्या घरीं अडणार नाहीं.

दुसरें असें कीं, विचारण्याची संवय लावून घ्यावी. २००० सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेंत ज्या ठेकेदारानें रस्ता बांधला त्यानेंच पुढें ५ वर्षें त्याची निगा राखावी असा करार असतो, आणि तसा फलक रस्त्याच्या कडेस लावलेला असतो. त्या फलकापाशीं उभे राहून छायाचित्र काढणारे पुष्कळ. त्यावरची मुदत वाचून ग्रामसभेंत प्रश्न विचारणारे थोडे. नवा थर घालण्यापूर्वीं जुना खरवडणार काय, नळाचें तोंड किती रुंद, पावसापूर्वीं खणलेलें बुजविणार केव्हां, हे तीन प्रश्न कोणाहि शहाण्या गृहिणीला सुचतील असे आहेत. ते लेखी विचारावे, आणि उत्तरहि लेखी मागावें. भांडण करूं नये. पण विसरूंहि नये.

तिसरी गोष्ट सर्वांत सोपी आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित. आंब्यांसाठीं आणि कुलदेवतेच्या दर्शनासाठीं पुष्कळ मंडळी या दिवसांत गांवीं जातात. मृग नक्षत्र लागण्यास आतां फार दिवस नाहींत. तेव्हां मुलांना बरोबर घेऊन एका सकाळीं घरापासून समुद्रापर्यंत पाण्याच्या वाटेनें चालत जावें. आपल्या गडग्याचे ढांसळलेले चिरे गटारांत पडले असतील तर ते प्रथम उचलावे, कारण दुसऱ्यास सांगण्याचा अधिकार त्यानंतर येतो. मग रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशीं ओणवून पलीकडचा उजेड दिसतो कीं नाहीं एवढें पाहावें. दिसला तर ठीक. न दिसला तर ग्रामपंचायतीस पत्र द्यावें, आणि उत्तराची वाट पाहत न बसतां दोन माणसें लावून ती उपसून घ्यावी. खर्चाचा वांटा भावकींतील प्रत्येकास कळवावा. सातबाऱ्यावर नांव आहे, तेथें या वह्यांतहि असूं द्यावें.